कृपया टाळ्या वाजवू नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठाचे कुलगुरू, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, विभागातली सगळी प्राध्यापक मंडळी, ज्यांना निरोप द्यायचा या कल्पनेनं आमच्या घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरत नाहीये त्या आमच्या बाई, आणि समोर बसलेले माझे वर्गमित्र, म्हणजे शिक्षक, थेरपिस्ट, समुपदेशक आणि आमच्यासारखे आईबाप, सगळ्यांना माझा नमस्कार. आवाज येतोय ना? हसलात ना, मला माहीत होतं. बाईंचा एकही ऑनलाइन तास या प्रश्नावाचून सुरू झाला नाही.

मी काही भाषणं करणारी बाई नाही. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकणारा माणूस सरळ भिंतीकडे निघाला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, एवढं एक मला या धंद्यानं शिकवलं. आपण ओरडलो की तो ब्रेक सोडून नेमका ॲक्सिलरेटर दाबतो. तर ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाप आणि त्या मुलांना शिकवणारे, यांना एकाच पडद्यावर एकाच वर्गात बसवायचं, ही बाईंची कल्पना. तिनं आमच्या घरात काय उलथापालथ केली, ते सांगायचं ठरवून मी आले होते.

ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी सभागृहाला एक नम्र विनंती. आता मी जे सांगेन ते ऐकून कुणीही मागे वळून पाहू नका, जागेवरून उठू नका, आणि कितीही चांगलं वाटलं तरी कृपया टाळ्या वाजवू नका. माझी मुलगी आत्ता तुमच्या मागे, वर, बाल्कनीच्या कठड्यावर बसली आहे. एक पाय आत आहे, एक बाहेर. एका हातानं तिनं कठडा धरलाय आणि दुसरा हात बाहेरच्या लोखंडी पट्टीवर बसवलेल्या स्पीकरवर ठेवलाय. टाळ्यांचा आवाज तिला सहन होत नाही, लगेच दोन्ही हात कानांवर जातात. तेव्हा ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांनी ते मांडीखाली घ्यावेत.

तिला आम्ही टिचकी म्हणतो. ती बोलत नाही, पण ऐकते सगळं आणि तिला समजतंही सगळं, त्यामुळे तिच्याबद्दल मी जे काही बोलतेय ते तिच्यासमोरच बोलतेय असं धरा. टिचके, तुझीच गोष्ट सांगतेय हं. ती तिथं का गेली, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाईंचा तास सुरू झाला की ही माझ्या शेजारी येऊन लॅपटॉपच्या स्पीकरवर हात ठेवायची. आवाज कानांनी ऐकण्यापेक्षा तिला तळहातानं ऐकायला आवडतो. नेटवर्क गेलं, आवाज तुटला, की दोन्ही हातांनी लॅपटॉपवर थापा मारायची. थोड्या वेळानं नेटवर्क यायचंच, म्हणून तिचा त्या उपायावर ठाम विश्वास बसलाय. आज एवढा मोठा स्पीकर दिसल्यावर ती खाली कशाला बसेल? म्हणून माझं बोलणं आता थांबता कामा नये. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या दादांनाही विनंती, हात जोडून, कुठल्याही बटणाला हात लावू नका.

तुम्ही म्हणाल, अहो, आई आहात, तिला सांगा ना उतर म्हणून. सांगितलं तर ती ऐकेल हो. लगेच निघेल. पण माझ्याकडे निघेल, आणि मी तिच्या समोर आहे. माझ्यापर्यंत यायला सरळ समोर पाऊल टाकायचं, जिना वगैरे नंतर, असा तिचा हिशेब असतो. म्हणून हाक मारायची नाही. हे मला बाईंनी शिकवलं. मूल अवघड जागी असेल तर त्याला आपल्याकडे बोलवायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं, बाजूनं, त्याला दिसेल असं, आणि हळू.

बाई उठल्या आहेत. पाहुणे मंडळी, त्यांना वाट द्या, सत्कार राहिला असला तर नंतर होईल. पुढच्या रांगेतल्यांनी त्यांच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा, मी फार महत्त्वाचं बोलतेय असा चेहरा ठेवा. बाईंचे गुडघे दुखतात आणि जिना मागच्या दारापाशी आहे, म्हणजे मला बरंच बोलावं लागणार आहे.

तर मग रेकॉर्डिंगची गोष्ट सांगते. तासाला बाई विचारायच्या, आवाज येतोय ना? आम्ही मोठी माणसं हो हो लिहायचो. टिचकी टेबलावर टकटक करायची, दोनदा. बाईंच्या लक्षात आलं की हे उत्तर आहे. तेव्हापासून वर्गात तिची टकटक येईपर्यंत बाई पुढे जायच्या नाहीत. टकटक आली की म्हणायच्या, पोचलं गं. डॉक्टर असोत नाहीतर मुख्याध्यापक, तोवर सगळे थांबायचे. मग बाई आजारी पडल्या आणि विद्यापीठानं जुन्या तासाचं रेकॉर्डिंग लावलं. तेच बोलणं, तोच प्रश्न. हिनं टकटक केली. रेकॉर्डिंगमधल्या बाई पुढे बोलत सुटल्या. हिनं पुन्हा केली, जोरात केली, मग स्पीकरवरचा हात काढून घेतला आणि खोलीतून निघून गेली. मला इतकं वाईट वाटलं की मीही तो तास बंद केला. अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं की पुढच्या वर्षीपासून हा अभ्यासक्रम सगळा रेकॉर्डिंगवर न्यायचा विचार चाललाय, म्हणून आपलं कानावर घातलं. साहेब, राग मानू नका. आणि जरा हसा, तुम्हाला इथून बाल्कनी दिसतेय हे मला कळतंय, पण तुमचा चेहरा बघून पुढच्या रांगेला घाम फुटलाय.

निवेदकांनी मला चिठ्ठी दिली आहे. ‘कृपया आवरतं घ्या.’ अहो निवेदक, बहुतेक तुम्ही बाहेर चहा घेत होतात. आज मला आवरतं घेता येणार नाही. बसा, पाणी प्या, नंतर कुणीतरी सांगेल.

डावीकडच्या दारात आत्ता जे आले ते आमचे मिस्टर. हातात तिचे हेडफोन आहेत, गाडीत राहिलेले आणायला गेले होते. अहो, वर बघितलंत ना? मग आता तिथंच थांबा. हाक मारू नका. पळू नका. माझं ऐका, बाई वर पोचतायत. शेजारी उभ्या असलेल्या थेरपिस्ट ताई, तुम्ही आमच्याच तुकडीतल्या, त्यांचा हात धरून ठेवा, मी बाईंचं पहिलं वाक्य सांगतेय तोवर. पहिल्या तासाला बाई म्हणाल्या होत्या की इथं कुणी कुणाला —

आला. आला आवाज परत. येतोय ना? टिचके, मी आहे, मी बोलतेय, बघ, बोलतेच आहे. वीज गेली असेल नाहीतर वायर हलली असेल, जे काय झालं ते पुन्हा होऊ देऊ नका. तुम्ही मागे पाहिलं नाहीत, फार उपकार झाले. मी पाहिलं. दोन्ही हात तिनं स्पीकरवर मारले आणि कठड्यात फक्त पाय अडकलेला होता. आता हात परत कठड्यावर आहे. मला फार भीती वाटतेय, आणि तरी मी या आवाजात बोलतेय, याचं श्रेय मात्र माझ्या धंद्याला द्या.

बाई वर दिसल्या. भिंतीला धरून येतायत. बाई, थोड्या पुढून या, म्हणजे तिला दिसाल. तिनं पाहिलं तुम्हाला. ओळखलं नाही. ओळखणार कशी, तिचं सगळं लक्ष त्या आवाजात असायचं, पडद्याकडे तिनं कधी बघितलंच नाही. बाई खाली बसल्या. दोघींमध्ये हातभर अंतर आहे. बाई मला हातानं खूण करतायत. थांब म्हणतायत.

बाई, मी थांबले तर ती पुन्हा वाकेल. आत्ताच झालं तसं.

पुन्हा तीच खूण. मंडळी, बाई मला गप्प बसायला सांगतायत. त्यांना तिच्याशी बोलायचंय, आणि स्पीकरमधून माझा आवाज येतोय तोवर ती दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. माझ्या मनाला हे पटत नाहीये. पण एवढी वर्षं त्यांचं ऐकून माझं कधी वाईट झालेलं नाही. अहो, डोळे मिटा. बाई, थांबते मी.

…

तुम्हाला ऐकू आलं का? मला इथपर्यंत आलं. माईक नाही, काही नाही, बाईंनी तिला विचारलं, आवाज येतोय ना? तिनं आधी स्पीकरकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. मग स्पीकरवरचा हात काढला आणि बाईंच्या खांद्यावर टकटक केली. दोनदा. पोचलं गं म्हणाल्या बाई. बाहेरचा पाय तिनं आपला आपणच आत घेतला. आता तिचा तळहात बाईंच्या पाठीवर आहे, आणि बाई बोलतायत. काय बोलतायत ते आपल्याला कळायचं कारण नाही. अहो, आता जा तुम्ही. जिन्यानं, आणि चालत.

मला जरा पाणी द्या कुणीतरी.

अध्यक्ष महोदय, आपण माझा वेळ वाढवून दिलात, निवेदकांनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, ध्वनिव्यवस्थेच्या दादांनी वायर धरून ठेवली, आणि तुम्ही सगळे एवढा वेळ मान न हलवता बसलात, तुमचे आभार कसे मानू ते मला सुचत नाही. बाईंच्या निरोपाला उभी राहिले आणि त्यांच्याबद्दल चार चांगली वाक्यंसुद्धा बोलायची राहून गेली. मधेच हुकूम सोडले, साहेबांना हसायला सांगितलं, भर सभेत नवऱ्याला दटावलं. काही अधिकउणं बोलले असेन तर आईची जीभ म्हणून सोडून द्या. सत्कारमूर्ती खाली यायला उशीर होईल, टिचकी हात काढेपर्यंत त्या बोलायच्या थांबणार नाहीत, तेव्हा घाई असेल त्यांनी पायांचा आवाज न करता निघावं. बाकीच्यांनी आता मागे वळून पाहिलं तरी चालेल. टाळ्या मात्र अजूनही नकोत.