तोरणातला खणाचा राघू

केराबाई: ...आन् ह्यो खणाचा राघू कधी शिवलास गं? लई देखणा झालाय.

रेश्मा: खणाचा? आई, माझे सगळे पोपट टॉवेलच्या चिंध्यांचे आहेत. बाबांनी कारखान्यातनं आणलेल्या. खण कुठनं येणार माझ्याकडं?

केराबाई: मग ह्यो काय? तोरणात ‘लेक’ आन् ‘आली’च्या मधी टाकलायस की. हिरवा.

रेश्मा: बघू... अगं, हा मी नाही केला.

केराबाई: मग काय मांजरानं केला? सकाळधरनं तूच बसलीयस हितं सुई घिऊन. मी सैपाकघरात सृष्टीसाठी डिंकाचं लाडू वळायलीय. शिवा दवाखान्यात गेलाय तिला आन् बाळाला आणाय. दुसरं हाय कोण घरात?

रेश्मा: तूच गंमत करायलीस माझी.

केराबाई: मला चष्मा लावूनबी सुईत दोरा जात न्हाय. मी कवा शिवू?

रेश्मा: थांब, व्हिडिओ आहे. मोबाईल समोर लावून ठेवला होता मी. बाळ मोठं झालं की वहिनी दाखवेल तिला, आत्यानं तुझ्यासाठी दाराला तोरण कसं केलं ते.

केराबाई: लाव की मग.

रेश्मा: ही अक्षरं कापायलीय... हा पिवळा पोपट... हा लाल... पुढं सरकवते. आई. आई, हे बघ.

केराबाई: तूच हायस की. बांगडी तुजी, बोटं तुजी. हिरवाच राघू भरायलीस कापसानं.

रेश्मा: मीच आहे. पण मला आठवत नाही. देवाशप्पथ आठवत नाही.

केराबाई: जरा मागं घे. खण कुटनं घेतलास बघू.

रेश्मा: डावीकडं हात नेलाय. आणि कापड घेऊनच परत आलाय.

केराबाई: डावीकडं काय हुतं?

रेश्मा: भिंत. मी भिंतीला लागून बसले होते.

केराबाई: परत दाव.

रेश्मा: हात कसा धरलाय बघ, तळवा वर करून. उचलून नाही घेतलं काही. कुणीतरी हातावर ठेवावं, तसं. आणि मी हसायलीय. आई, मी कुणाकडं बघून हसायलीय?

केराबाई: बंद कर ते.

रेश्मा: का गं? काय दिसलं तुला?

केराबाई: दे त्यो राघू. गॅसवर धरते.

रेश्मा: आत्ता तर देखणा म्हणालीस!

केराबाई: तवा काठ बघितला नव्हता. तांबडा काठ, त्येच्यावर पिवळं टिपकं. ही माज्या पोरीची कुंची हाय.

रेश्मा: माझी?

केराबाई: तुजी न्हाय. शिवाच्याबी आधीची.

रेश्मा: आई, तुला आधी एक मुलगी होती? कधी बोलली नाहीस.

केराबाई: कुणापाशी बोलू? सोलापूरला यायच्या आधी मंगळवेढ्याला रानात ऱ्हायचो आमी. बाळंतिणीच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधायची रीत. वाटनं जाणाऱ्याला कळतं, हितं बाळ आलंय, हळू बोला. माज्या आईनं डहाळा मोडून आणला. माजी सासू म्हनली, पोरगी तर झालीय, दाराला काय बांधत बसलाय. घिऊन शेळीम्होरं टाकला.

रेश्मा: आणि ती?

केराबाई: तापानं गेली. बारसंबी झालं नव्हतं, नाव कुठलं आलंय? बांधाकडंला पुरली. माज्या आईनं हौसंनं खणाची कुंची शिवली हुती, ती अंगावर तशीच ऱ्हाऊ दिली. तिच्यासंगं मातीत गेली ती. आन् मागनं वस्तीवरच्या बाया मला इचारायच्या, केरा, दिवस भरलं का न्हाय अजून? पोर आली हुती, हेच कुणाला ठावं न्हाय.

रेश्मा: मग हे तेच कापड कसं असेल?

केराबाई: म्हनूनच म्हनते, दे हिकडं.

रेश्मा: थांब, उसवते आधी. कातर कुठं गेली? आज बाळ यायलंय घरात. आई, तिला आपलं बाळ हवं असेल तर? ...धर ना जरा, टाका फार घट्ट आहे.

केराबाई: थांब.

रेश्मा: काय झालं?

केराबाई: वास घे ह्येचा.

रेश्मा: मी नाही घेणार.

केराबाई: वेखंडाचा वास हाय गं. न्हाऊ घातल्यावर यायचा, तसाच. हाताला ऊन ऊन लागतोय. कुटं मातीचा कण न्हाय... कातर ठिव खाली.

रेश्मा: आई, ऐक माझं. वहिनी ओली बाळंतीण. काही झालं म्हणजे?

केराबाई: मलाबी भ्या वाटतंय. न्हाय म्हनत न्हाय. पर ती आली तर कुटं आली बघ की. नव्या पाळण्याला हात लावला न्हाय. माज्या उशाला यिऊन बसली न्हाय. तू दाराला लावाय काय तरी कराया लागलीस, तवा तुज्यापाशी आली. आन् जागा कुटली धरली?

रेश्मा: ‘लेक’ आणि ‘आली’च्या मधली.

केराबाई: तेवढंच पायजे असंल तिला.

रेश्मा: आणि नसेल तर?

केराबाई: तर मी हाय की दारात. आई हाय मी तिची. माजं ऐकंल.

(खाली रिक्षा थांबल्याचा आवाज.)

रेश्मा: आले! काय करू, लवकर सांग.

केराबाई: टांग तोरण. अगदी दाराच्या मधोमध. आन् शेजारच्या लिंबाचा डहाळा आणून ठिवलाय मी, त्योबी खोव वरनं. चांगला मोठा हाय.

रेश्मा: आई, सगळे पोपट गप्प आहेत. हा एकटाच हलायलाय.

केराबाई: हलू दे.

शिवराज: आई! आलो गं! सृष्टी, सावकाश, पायरी हाय. ए रेश्मे, तोरण लई भारी केलंस की!

केराबाई: उंबऱ्याच्या भायेरच थांबा. भाकरतुकडा ओवाळल्याबिगर आत यायचं न्हाय. रेश्मे, पाण्याचा तांब्या आण.

रेश्मा: आणला. आई... तू दोन तुकडे मोडलेस?

शिवराज: लवकर कर आई, हिला उभं राहवत न्हाय. आन् नवल बघ, बाळ दवाखान्यापासनं रडत हुतं. हितं दारात आलं आन् एकदम गप झालं.

केराबाई: व्हईल की गप. थांब, आधी थोरलीला ओवाळते.

शिवराज: थोरली कोण?

केराबाई: तू जरा बाजूला सरक, शिवा. तिला वाट दे.