पाहुणीसमोर बरं दिसत नाही

...आणि वर कचेरीतला तो खिडकीवाला मला म्हणतो, "काका, फॉर्म उभ्यानेच भरा, इथे बसायला जागा नाही!" अहो, मला उभं राहता येत नाही हेच तर त्या फॉर्मात लिहायचंय! उभ्याने लिहिलं तर खोटं ठरतं, खाली बसून लिहावं तर मी एकदा जमिनीवर बसलो की मला उठवायला चार माणसं लागतात... तरी बसलो! आणि तुम्हाला सांगतो, रांगेतली चार माणसं आली हो उठवायला, त्यातल्या एकाचा स्वतःचा हात गळ्यात बांधलेला, त्याने दुसरा हात माझ्या काखेत घातला. कोण करतं एवढं? तक्रार नाही हं माझी, उपकारच आहेत!

आता खाली बसलोच होतो, तर सवयीने बोटाने फरशी ठोकून पाहिली. पोकळ! सव्वीस वर्षं फरश्या बसवल्यात मी, कानाला लगेच कळतं. मी म्हटलं, "साहेब, ही फरशी वर्षभरात उखडणार बघा." साहेब म्हणाला, "तुम्ही आधी तिच्यावरून उठा!" बरोबरच होतं त्याचं, मागे पन्नास माणसं उभी!

पण सव्वीस वर्षं म्हणजे थट्टा नाही. दोरी लावायची, लेव्हल बघायची, रबरी हातोडीने ठोकायचं, गुडघ्यावर सरकायचं, पुन्हा ठोकायचं... तुम्हीसुद्धा कधीतरी माझ्या कामावरून चालत गेला असाल, आणि अडखळला नसाल! तर असंच एका स्वयंपाकघरात शेवटची फरशी बसवली, हात झटकले, उठायला गेलो... आणि उठलोच नाही. मणक्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, "हे काम आता विसरा." मी म्हटलं, "मग करू काय?" डॉक्टर म्हणाले, "अर्ज करा!" म्हणून हा सगळा खटाटोप.

बरं, अर्ज कशासाठी? तर सरकारी मदत मंजूर झाली की घरी एक माणूस ठेवता येतो, मला उचलायला-बसवायला. आत्तापर्यंत कोण उचलायचं? बायको! ती लाँड्रीत इस्त्रीला आहे, दिवसभर उभी. दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायची, मला उचलायची, न्यायची, आणायची, बसवायची, आणि पोळीचा तुकडा तोंडात कोंबत पुन्हा धावत जायची. आणि गेले काही महिने, मला बसवून सरळ होताना ती टेबलाची कड धरायला लागली होती. तिला वाटायचं मला दिसत नाही. अहो, दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसरं दिसतं काय? माझी पाठ गेली ती गेली, आता हिची जाणार! मला तेवढीच एक भीती होती, बाकी कशाची नव्हती.

तर सात महिन्यांनी पत्र आलं, की प्रत्यक्ष परिस्थिती पाहण्यासाठी आमच्या तपासणीस बाई घरी येतील. घरी! म्हणजे मी जायचं नाही, त्यांनी यायचं. पुन्हा सांगतो, तक्रार नाही हं माझी, उपकारच आहेत! पण बायकोने पत्र वाचलं, आणि तिचं एकच सुरू झालं... "अहो, पाहुणी येणार!"

मी म्हटलं, "अगं, पाहुणी नाही, तपासणीस आहे."

"पहिल्यांदा घरात पाऊल टाकणारी बाई ती पाहुणीच. घर बघा कसं झालंय!"

घर कसं झालं होतं? घर माझ्यासारखं झालं होतं! पलंगाला दोरी बांधलेली, धरून उठायला. उशाला सायकलची घंटी, हिला हाक मारायला. भिंतीला टेकलेला वॉकर. वस्तू उचलायचा लांब चिमटा. आणि ती खुर्ची... शेजारच्या सुताराने जेवणाच्या टेबलाची चांगली खुर्ची घेऊन तिला मध्ये भोक पाडून खाली चाकं लावून दिली होती, कशासाठी ते तुम्हाला कळलं असेलच. तर हे सगळं सामान बाईसाहेबांनी उचललं, मागच्या खोलीत कोंबलं, आणि दाराला कडी! माझा कमरेचा पट्टासुद्धा काढला. का? तर शर्टावरून फुगवटा दिसतो! पाठीमागची उशी काढली. का? तर अभ्रा मळकट आहे! मला कडक इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर नवरदेवासारखा बसवला, आणि म्हणाली, "हसतमुख राहा. पाहुणीसमोर बरं दिसत नाही."

मी हसतमुख! आतून मणका बोंबलतोय, बाहेरून मी हसतमुख!

बाई आल्या. तरुण होत्या, आमच्या पुतणीच्या वयाच्या, मांडीवर फाइल. गोड आवाजात विचारलं, "काका, आंघोळ स्वतः करता?" मी तोंड उघडतोय तोवर बायको म्हणाली, "हो तर! यांना पहिल्यापासून स्वच्छतेची फार आवड!" पेनाने खूण. "कपडे स्वतः घालता?" "बघा ना, शर्टाची घडी कशी आहे!" खूण. "घरातल्या घरात चालता?" "चालतात की! एका जागी बसवत नाही यांना!" खूण. "मदतीची काही साधनं? मला तर कुठे दिसत नाहीत." "छे हो, घरात अडगळ कशाला!" मोठ्ठी खूण!

तुम्ही म्हणाल, तुम्ही काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता? होतो बसलो! आणि का, ते खरं सांगतो. बरं वाटत होतं हो ऐकायला. दोन वर्षांनी कुणीतरी माझ्याबद्दल सांगत होतं, की हा माणूस सगळं स्वतःचं स्वतः करतो. आणि तेही कोण? जिला हे साफ खोटं आहे हे रोज सहा वेळा कळतं, ती! मला तिचा राग यावा की गहिवरून यावं हेच समजेना.

पण माणसाला भावना असतात तसं मूत्राशयही असतं! सकाळपासून त्या सोफ्यावर बसवलेलं, त्यात पाहुणीबरोबर मलाही चहा. पाऊण तास झाला. मी बायकोला डोळ्याने खुणावलं. ती म्हणते कशी, "अहो, जा ना, जाऊन या की!" जाऊन या? कशावर बसून जाऊ? माझं वाहन कडीबंद! आणि तेवढ्यात बाईंनी फाइल मिटली, म्हणाल्या, "छान, काका, तुमचं तसं बरंच चाललंय." म्हणजे गेलं सगळं! आणि हिची पाठही गेली! मी म्हटलं, "मॅडम, जाण्याआधी तेवढं मागच्या खोलीचं दार उघडा."

"अहो, तिथे पसारा आहे!" बायको ओरडली.

"तोच दाखवायचाय," मी म्हटलं. "उघडा, मॅडम."

त्यांनी कडी काढली मात्र... आधी वॉकर कोसळला, त्याच्यावर चिमटा, मग घंटी ट्रिंग ट्रिंग करत फरशीवर, आणि शेवटी ती भोकाची खुर्ची, आपल्या चाकांवर, सावकाश, मानाने, दिवाणखान्याच्या मधोमध येऊन थांबली!

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बायकोला विचारलं, "काकू, यांना या खुर्चीत बसवतं कोण?" झालं! इतका वेळ पोपटासारखी बोलणारी माझी बायको तोंडावर हात धरून रडायला लागली. आणि मी पण रडलो, लपवू कशाला? बाईंनी फाइल खाली ठेवली, म्हणाल्या, "प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. पण आता उत्तरं काका देतील. त्याआधी चला, यांना जाऊन येऊ द्या." आणि स्वतः माझ्या काखेत हात घातला! तपासणीला आलेली बाई हो! आता सांगा, कशी तक्रार करू? उपकारच आहेत!

मग पुन्हा प्रश्न. आंघोळ? "ती घालते." कपडे? "ती घालते." उठवतं कोण? "ती." बसवतं कोण? "ती, मॅडम, तीच." अकरा प्रश्न होते, अकराही वेळा तीच. उभ्या जन्मात बायकोचे आभार मानले नव्हते, ते एका दमात सरकारी फॉर्मात मानून टाकले! ती दारात उभी राहून ऐकत होती. आणि बाई लिहीत होत्या, एकही शब्द न गाळता.

दीड महिन्यात मंजुरी आली! माणूस मिळाला. दवाखान्यात पंचवीस वर्षं रुग्ण उचललेला, दणकट, हसरा, नऊला येतो, दोनला जातो. दुपारचं उचलणं तोच करतो, त्यामुळे बायको आता लाँड्रीत बसून डबा खाते. बसून! दोन वर्षांनी! आणि अजून काय हवं माणसाला?

फक्त एकच. आंघोळ, दाढी, कपडे, पलंगावरून खुर्चीत, हे सकाळचं सगळं त्याचंच काम. पण तो यायचा त्या पहिल्या दिवशी ही पाचला उठली, मला उचललं, घासूनपुसून आंघोळ घातली, दाढी केली, कपडे चढवले, खुर्चीत बसवलं, आणि टेबलाची कड धरून सरळ झाली. मी म्हटलं, "अगं, मग तो येणार कशाला?" तर म्हणाली, "पहिल्यांदाच येतोय घरी, तुम्ही असे पारोसे दिसलात तर काय म्हणेल? उद्यापासून करेल ना तो! आज पाहुणा आहे."

आज तेविसावा दिवस. अजून पाहुणाच आहे.