पाय उशिरा पोचला

...आणि हे सांगतंय कोण, तर पोटची पोरगी! तुम्हाला सांगतो, हयात गेली माझी लोकांना गाडी शिकवण्यात, शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली दुसरा ब्रेक, शिकणारा गडबडला की आपण दाबायचा. आणि ही जेवता जेवता सांगते की त्यांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनात दिसलंय, वय वाढलं की डोळ्यांना दिसलेलं पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. मंदावतं म्हणे! कुणाचं? तर, "सगळ्यांचंच, बाबा. आणि ज्याचं मंदावतं त्याला कळतही नाही." मी म्हटलं, तुमच्याकडे येतात कोण, रिकामटेकडे पेन्शनर, दिवा लागला की बटण दाबणारे. माझा पाय बघ! ती म्हणाली, या मग, तपासू. मी विषयच बदलला.

दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला शेजारी एक नर्सबाई. सुई टोचताना हात हलत नसेल, पण स्टिअरिंग धरलं की घामाघूम. अरुंद रस्ता, दोन्हीकडे उभ्या गाड्या, मी आपला सांगतोय, सिस्टर, घाबरू नका, मी आहे ना... आणि एका व्हॅनचं दार फाडकन उघडलं, ते चुकवायला एक सायकलवाली थेट आमच्या पुढ्यात, मागे तिचं लेकरू बांधलेलं. मला दिसलं हो, लेकराची लाल टोपीसुद्धा दिसली, आणि मी पाय टाकला...

आता ऐका. हे दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात, शिकणाऱ्याने दाबला की माझाही खाली जातो. माझा पाय पोचला तेव्हा पेडल आधीच तळाला टेकलेलं होतं. गाडी थांबली होती. सायकल आणि बंपर यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा.

सायकलवाली पांढरीफटक. तिने खिडकीतून माझेच आभार मानले. नर्सबाई रडत म्हणाली, "सर, तुम्ही होतात म्हणून. मला काही सुचलंच नाही." आणि मी? मी मान डोलावली! काय करणार, जीभही मंदावते म्हणे!

पण ते फुकटचे आभार काही पचेनात. पुढच्या कोपऱ्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. म्हटलं, "सिस्टर, ब्रेक तुम्ही दाबलात. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं." ती आधी माझ्या पायाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या. आणि तुम्हाला सांगतो, तिथून पुढे बाईने गाडी अशी नेली, अशी नेली, की मला बोलायला जागाच ठेवली नाही.

घरी येऊन पोरीला म्हटलं, तुझंच खरं. मंदावतं. आता गाडीत कुणी तरणा बसेल, मी वर्गात नियम शिकवीन. ती माझा हात धरून बसली. मग मला बरं वाटावं म्हणून सांगायला लागली की, बाबा, सगळं वाईटच नसतं, वयाबरोबर चिडचिड कमी होते, भांडणं कमी होतात, बोलणंसुद्धा कमी होतं...

स्वयंपाकघरातून आमची ही विचारते, "कितव्या वर्षापासून गं?"

मी गप्प बसलो. काय बोलणार?

तर म्हणते कशी, "झालं वाटतं सुरू."