मायच्या मापाचं घर

— नाई नाई, खाली पाहू नको, सरळ आत ये. ठेच लागतच नाई इथं, उंबरठाच काढून टाकला माह्या लेकानं, तुळशीरामनं. गल्लीतल्या बाया म्हणे, केसरबाई, उंबरठ्याबिगर लक्ष्मी कशी येईन हो घरात? म्या म्हटलं, तिचेही गुडघे दुखत असतीन, येईन सरळ चालत! — हास, हास. तं तू दुसरबीडहून घर पाहाले आला? नोकरी नागपूरले लागली, अन् माय इकडंच राहीन, तिच्यासाठी असंच करून द्याचं — बरं हाय बापा. पाह्य मंग.

हा पायऱ्यांच्या जागी उतार — काठी घेऊन एकटीले खाली जाता येते. चूल ओट्यावर, उभ्यानं भाकर होते. रांजणाले तोटी, वाकाचं काम नाई. अन् खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीनं हा सागाचा दांडा, धरू धरू जायचं. सारं माह्या मापाचं बरं का! मी उंबरठ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तवा तुळशीराम अकोल्याहून रजा टाकून आला. वायरमन हाय तो तिकडं. सुतार लावला, सोता राबला. म्हणे, माय, हात वर कर, किती जाते पाहू. आता पाय उचल. सुतळीनं माप घे, भिंतीवर रेघ मार — लहान होता तवा शिंप्यापुढं मी त्याले असाच उभा करत होती. रोज संगं जेवत होतो दोघं. हाड मोडलं होतं, पण लय चांगले दिवस होते ते.

अन् ही घंटी. गावात लाईट नवीनच आली होती. खाटेपाशी बटन, घंटी बाजूच्या पुष्पाबाईच्या घरात. म्हणे, माय, आता तुले कोणाचीच गरज नाई. — हाव, असंच म्हणे, लय खुशीत. अन् गेला.

वाजते ना, चांगली वाजते. एकडाव दुपारी दाबली म्या, झालं काहीच नोतं. पुष्पाबाई पिठाच्या हातानं पयत आली — काय झालं काकू? म्या म्हटलं, वाजते का पाह्यलं. बसली उलीशी, पान खाल्लं, सुनेचं गाऱ्हाणं सांगतलं. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबली. मंग रोजच. तिनं तरी किती पयाचं? आता येत नाई ते. परवा तापानं फणफणली होती मी, दाबली — भिंतीपलीकडून आवाज येत होता मले, वाजून राह्यली, वाजून राह्यली —

नाई, तुळशीरामले काऊन सांगू? दिवाळीत आला, दांडा हालवून पाह्यला, घंटी वाजवून पाह्यली, म्हणे सारं ठीक हाय. दुपारच्या मोटारीनं परत. बिघडलेलं काही नोतंच, तं थांबीन कशाले?

तुह्या मायले सांगतलं का तू? — हं. घर झाल्यावर सांगशीन. तिले विचार तं खरं बापा, तिले काय पाह्यजे. मले कोणी — जाऊ दे. सुतार पाह्यजे तं मेहकरले मोतीराम हाय, माहं नाव सांगजो.

ऊठ आता, मोटार निघून जाईन. — नाई नाई, दार लोटू नको. राहू दे उघडं.