नंबर सौरवच्या नावानं

…अन् नंबर लावला माझ्या नावानं! तुम्हाले सांगतो, झोप उडाली होती उन्नतीची, म्हणजे माझ्या बहिणीची, जेवण सुटलं, दिवसभर रडून राहिली होती, अन् प्रताप नगरच्या मनाच्या डॉक्टरकडे फोन लावून बाबा म्हणतात, "लिहा, सौरव." काहून? तर तिच्यासाठी स्थळं पाहून राहिले होते. वेटिंगमध्ये कळमन्याच्या धान्यबाजारातला एखादा ओळखीचा व्यापारी बसून असला, त्यानं पोरीचं नाव ऐकलं, म्हणजे संपलं ना सगळं. मी म्हटलं, बाबा, अन् माझं नाव ऐकलं तर? बाबा म्हणतात, "पोराले काय होते?"

आता खरं सांगू? झोप माझीही उडाली होती. तिच्या आधीपासून. पण तिच्या मैत्रिणींनी दोन दिवसांत ओळखलं, "उन्नती, डिप्रेशन आहे वं हे, डॉक्टरले दाखव." अन् माझा दोस्त मोहित? कॉलेजसमोरच्या टपरीवर त्याले सांगितलं, सकाळी उठावंसंच वाटत नाही गा, कशासाठी जगून राहिलो तेच समजत नाही… तर म्हणतो, "डिप्रेशन पोरीले येते गा. आपल्याले टेन्शन येते. जिम लाव." लावली. आता हातपाय दुखतात, अन् झोप तरी येत नाहीच. पोराले काय होते?

दर पंधरा दिवसांनी कंपाउंडर ओरडे, "सौरव!" की आम्ही तिघंही उठायचो. वेटिंगमधल्या एका बाईनं मले बिस्कीट दिलं, म्हणे खाऊन घे बाळा, होशील बरा… तुम्हाले सांगतो, रडूच आलं मले. आत गेलं की रडायचं उन्नतीनं, गोळ्या उन्नतीले, मी आपला तिची पर्स धरून बसून. एक दिवस डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या, "आणि तुम्ही कसे आहात?" तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात बाबा हसले, "त्याले काय झालं मॅडम, पोराले काय होते?" मग मीही हसलो, बाबाले वाईट नको वाटाले.

आता उन्नती बरी आहे. पोटभर जेवते, मले आनंद आहे, जळत नाही मी. परवा शेवटची चक्कर झाली. निघताना कंपाउंडर विचारते, "सौरवचा पुढचा नंबर लावू का?" बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, अन् साऱ्या वेटिंगले ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "नाही गा, गरज नाही. सौरव बरा झाला."

आता तुम्हीच सांगा, मले जायचं असलं तर नंबर कोणाच्या नावानं लावू?