आडवा फडा

बसा बायाहो, बसून घ्या. निंबाची सावली पुरून नाई राह्यली, तरी दाटीवाटीनं बसा. बडे डॉक्टरसाहेब, मेट्रनबाई, बडेबाबू, वार्डावार्डातून आलेले सारे मायबाप, अन् समोर मान खाली घालून बसलेले आमच्या सुंदराचे मालक कवडूभाऊ. मले सभेत बोलता येत नाई. माह्यासंगं झाडपूस करणाऱ्या चंद्रभागेनं मांगून ढोसून ढोसून उभी केली मले. एका डोळ्यावर पट्टी हाये. एकाच डोळ्यानं पाहून राह्यली, तरी बाप्पा, किती माणसं दिसून राह्यली!

मी गिरजा. या दवाखान्याच्या फरशा धुतो, वार्ड झाडतो, त्या बायाइतली एक. सुंदरा आमची जमादारीण होती, आमच्या साऱ्याइच्या वरची. तुमच्यातल्या बहुतेकाइले तिचं नाव पाठ हाये. माहं नाव आज पहिल्यांदा ऐकलं असंन.

चंद्रभागा म्हणे, 'आज चांगलंच बोलजो वं, माय.' चांगलंच बोलीन. पण खरंही बोलीन. सकाळी ही गर्दी पाह्यली अन् रडू याच्या आधी माह्या पोटात दुखलं. मनात आलं, मी गेली असती तं एवढे लोक आले असते का? बड्या साहेबानं इस्तरीचा कोट घातला असता का? कंपाउंडरनं दुकान, आपलं ते औषधाची खिडकी, बंद ठेवली असती का? हासू नका. तिच्या मरणाचाही मले हेवा वाटला. आता काय करू?

हेवा मले पहिलेपासूनच होता. मी हिंगणीची, जंगलाकाठच्या गावची, बोलणं असं धोंड्यासारखं. ती हिंगणघाटची. गिरणीच्या भोंग्यावर उठलेली, चार माणसात वावरलेली. नोकरीत मी तिच्या आधीची बरं का! ती आली तवा फिनेलची बाटली कोणती अन् ॲसिडची कोणती, हे तिले मीच दाखवलं. पोछा पिळाचा कसा, हे मी दाखवलं. अन् पाहता पाहता ती 'सुंदराबाई' झाली, मी 'ए बाई' राह्यली. फरशी ती पुसे तीच, मी पुसो तीच. पण तिनं पुसली का नर्सबाई म्हणे, 'वा, कशी लख्ख दिसते!' अन् मी पुसली का म्हणे, 'तो कोपरा राह्यला.'

तिचं लुगडं पाह्यलं होतं ना तुम्ही? दिवसभर घाण उपसूनही पांढरं. मी एक दिवस विचारलं, 'काऊन वं, तुह्या लुगड्याले डागही घाबरते का?' तं हासली. असं हासे का आजारी माणूस उशीवरून मान उचलून पाहे. त्या हासण्याचाही राग ये मले.

आता फड्याची, आपल्या झाडूची, गोष्ट सांगतो. त्याच्यासाठीच उभी राह्यली मी.

पहिले इथं कसं होतं ते जुन्या लोकाइले ठाऊक हाये. फरशी साबणानं ओली करून आम्ही उकिडव्या बसून पुसत जाओ, अन् वरून सारा दवाखाना चाले. कोणाचा पाय हातावर पडे. कोणी घसरे अन् वरून आम्हालेच शिव्या दे. माह्या याच बोटावरून स्ट्रेचरची गाडी गेली. हे पाहा, वाकडं हाये अजून. साहेबानं लाल कपडा लावाले सांगितला. लावला. कोणी थांबलं का? लाल कपड्याले कोणी भीत नाई, बैल बी भीत नाई.

लाल कपडा लावला त्याच दिवशी दुपारी, मांगच्या ओसरीत भाकर खाता खाता मी सुंदराले म्हणलं, 'आमच्या हिंगणीले माही माय घर सारवे ना, तवा उंबऱ्यावर शिंदीचा फडा आडवा ठेवे. सारवण वाळेपर्यंत कोणी आत पाय टाकत नसे. बाप बी बाहेर उभा राहे. घर झाडाच्या फड्याले पाय लावाची हिंमत कोणाची होते? तसा इथं ठेवून पाह्याले पाह्यजे.'

मी म्हणलं. मी! चंद्रभागा तवा पाणी भराले गेलती. ऐकाले सुंदराच होती फक्त.

दुसऱ्या दिवशी सुंदरा साहेबापुढं उभी. हात असे जोडलेले, आवाज मधासारखा. 'साहेब, ओल्या फरशीपाशी फडा आडवा ठेवून पाहू का?' साहेब म्हणे, 'पाहा ठेवून.'

अन् ठेवला. मायबापहो, साराच्या सारा दवाखाना थांबला! काहीइले फड्यात लक्ष्मी दिसे, म्हणून थांबत. काहीइले आमचा हात लागलेला फडा म्हणून विटाळ दिसे, म्हणून थांबत. राग मानू नका, पण खोटं हाये का सांगा? आम्ही दीक्षा घेतली, आम्ही आता लक्ष्मी मानत नाई. पण फडा आम्हीही ओलांडत नाई, हाताले लागलेली सवय हाये ती. कोणी कशाहीपायी थांबो, थांबलं ना? त्या दिवसापासून माह्या कोणत्याच बाईच्या हातावर पाय पडला नाई. कोणी म्हातारा घसरून पडला नाई. फरशी वाळली का जमादारीण फडा उचले, मंग रस्ता मोकळा. फडा उचलाचा मान तिचा.

अन् नाव? नाव सुंदराबाईचं झालं. नागपूरहून मोठे साहेब आले, त्याइले दाखवलं, 'ही आमच्या जमादारणीची युक्ती.' फोटो काढला. ती मधात, फडा हातात, पदर नीट. मी बाजूले उभी होती. फोटो आला तं त्याच्यात माह्या बादलीचा कान आला. मी नाई आली. नुसता कान!

मी तिले म्हणलंही. 'सुंदरे, साहेबाले सांगत जा ना, गिरजाचं डोकं हाये म्हणून.' ती म्हणे, 'अवं, तू सांगितलं असतं तं ऐकलं असतं का कोणी? काम झालं ना? मंग!' तिचं खरंच होतं. म्हणून तं जास्त जळली मी. माणसाचं खोटं असलं तं भांडता येते. खऱ्याशी कसं भांडावं?

ती नुसती हासरी नव्हती, हेही सांगतो. भांडली आमच्यासाठी. धुवाच्या सोड्याचं कडक पाणी हातानं कालवाचं नाई, काठीनं कालवाचं, हे तिनं लावलं. जिना धुवाले एकटी बाई पाठवाची नाई, दोघी पाठवाच्या, हे तिनं लावलं. रबरी बूट मागत होती, जिथं सोड्याचं काम तिथं जवळ नळ मागत होती. बडेबाबू, तुमच्यापाशीच मागत होती. तुम्ही म्हणत, 'होईल, होईल.' त्या दोन गोष्टी अजून झाल्या नाईत.

अन् मंग तो दिवस.

तुमच्यासमोर जो हा दगडी जिना हाये ना, तोच. मी वरच्या ओसरीत होती. माह्या जोडीची बाई तापानं घरी होती, काम थांबवाची सोय नव्हती, अन् मले वाटलं, एकटीनंच उरकून टाकू. पायऱ्या साबणानं घासून ओल्या केल्या होत्या. खाली पहिल्या पायरीपाशी फडा आडवा ठेवला होता. सोडा कालवताना काठी सटकली अन् पाणी उडालं ते थेट डोळ्यात. आग, नुसती आग. मी किंचाळली. नळ खाली, आंगणात. सुंदराही खाली, आंगणात. तिनं भरलेली बादली उचलली अन् धावली.

लोक म्हणत होते, 'सुंदराबाई, फडा! फडा आडवा हाये!' जिनं साऱ्या दवाखान्याले थांबवलं, ती नाई थांबली. फडा ओलांडला अन् ओल्या पायऱ्या चढून वर आली. पडली नाई. माही मान धरली, डोळा उघडला अन् धो धो पाणी मारलं. वरून शिव्या! 'आंधळी व्हाचं होतं का तुले, मेले? जोडी नाई तं काम काऊन धरलं? डोळा मिटू नको, उघड, उघड म्हणतो ना!' मी रडून राह्यलती. तं म्हणे कशी, आवाज एकदम हळू करून म्हणे, 'तुहा फडा ओलांडून आली वं मी, गिरजे. घरी तुही माय मले मारन का?'

तुहा फडा. असं म्हणली ती. तुहा.

कोणी ऐकलं का? कोणी नाई ऐकलं. वर आम्ही दोघीच होतो. डोळा जळत होता, अन् मनात म्हणलं, आता म्हणून राह्यली, फोटोच्या वेळी काऊन नाई म्हणली? बादली रिकामी झाली होती. ती म्हणे, 'अजून एक आणतो, हलू नको.' अन् वळली.

जाताना पडली. मले दिसलं नाई. बादलीचा आवाज ऐकला नुसता, पायरी पायरीनं खाली जाणारा. मंग साऱ्याइचा आवाज.

साहेबानं माहा डोळा पाह्यला अन् म्हणे, 'त्या पहिल्या बादलीनं वाचला.' उद्या पट्टी सुटन. मले दिसन. कवडूभाऊ, तुम्ही माह्याकडे पाहून नाई राह्यले, मी समजतो. तुमच्या घरातला दिवा गेला अन् माह्या डोळ्यात उजेड राह्यला. मले सांगा, आता मी तिचा हेवा कसा सोडू? जिवंतपणी ती माह्यापुढं गेली. मरतानाही माह्यावर एवढे मोठे उपकार करून गेली का मी जन्मभर फेडू शकत नाई. मलेही एखांद्या दिवशी तिच्यासाठी धावाचं होतं. तिनं वेळच येऊ दिली नाई.

आता बडेबाबू, तुमच्यासाठी. काल तुम्ही ओसरीत म्हणले, मी ऐकलं. 'त्या फड्यापायीच बाई गेली. अपशकुन हाये तो. उद्यापासून आडवा फडा बंद. पहिल्यासारखंच राहू द्या.' बायाही कुजबुजून राह्यल्या, ओलांडला म्हणून भोवला म्हणतात.

काय भोवलं? फडा भोवला का? ओलांडताना पडली का ती? नाई. ओल्या पायरीवर पडली. फडा तं तेच सांगत होता, का पायरी ओली हाये, थांब. साऱ्या दवाखान्यात एक तोच खरं बोलत होता, अन् तुम्ही त्यालेच हाकलून राह्यले? भोवलं काय ते मी सांगतो. नळ खाली होता, सोडा वर होता. ते भोवलं. जोडी नसताना मी काम धरलं, कारण नाई म्हणाची सोय नव्हती. ते भोवलं. पायात बूट नव्हते. ते भोवलं. त्याले अपशकुन म्हणा अन् तो बंद करा!

साहेब, तुम्ही हो म्हणून मान हलवून राह्यले, ती मी एका डोळ्यानंही पाह्यली. साऱ्याइसमोर पाह्यली. वर नळ पाह्यजे. बूट पाह्यजेत. अन् फडा राह्यला पाह्यजे.

आज सकाळी घरून निघताना मी ठरवून आलती. आज सभेत सांगाचं, का फडा माहा होता. माह्या मायचा होता, हिंगणीचा होता. सांगितलं. तुम्ही ऐकलं. काहीइनं तोंड वाकडं केलं तेही पाह्यलं. मेलेल्या बाईचं नाव खाऊन राह्यली म्हणत असाल. म्हणा. ती स्वतः म्हणली, 'तुहा फडा'. मले तेवढं पुरते. पुरत नाई खरं म्हणजे, पण पुरवून घेईन.

कारण एक गोष्ट मले कळून चुकली. उद्या मी म्हणलं, 'थांबा, हा गिरजाचा फडा हाये,' तं कोण थांबन? कोणीच नाई. अन् म्हणलं, 'थांबा, हा सुंदराचा फडा हाये,' तं बडेबाबूही जोडे मांगं घेतील. मले माह्या बायाइचे हात वाचवाचे हायेत. तिच्या नावानं वाचतील, माह्या नावानं नाई. म्हणून आजपासून त्याले सुंदराचा फडाच म्हणा. नव्या पोरी कामाले आल्या का त्याइलेही तसंच सांगजा. मीही तसंच सांगीन. जीव जळन माहा, पण सांगीन.

सुंदरे, घेतलं ना शेवटी? घे. ठेव तुह्यापाशी.

आता साहेब म्हणतील, उभं राहून शांतता पाळू. पाळू. पण घड्याळ पाहू नका. इकडे पाहा, या जिन्याकडे. सभेच्या आधी या पायऱ्या मी अन् चंद्रभागेनं मिळून धुतल्या. दोघींनी. अजून ओल्या हायेत. खाली फडा आडवा ठेवला हाये, तिचाच, तिच्या हातचा. पायऱ्या वाळेपर्यंत उभे राहा. ऊन हाये, वेळ लागणार नाई. साहेबही, बाबूही, बायाही. वार्डातून कोणी हाक मारली, तं मांगच्या दारानं जा. पण हा फडा कोणी ओलांडू नका.

उभे राहा आता. पायऱ्या वाळल्या का फडा उचलाले मी जाईन. तेवढं मात्र मीच करीन.