चोरीस न गेलेल्या कबड्डी मॅटबाबत पुरवणी जबाब

दिनांक १२ डिसेंबर २०२५

मी, पायल धर्मपाल मुनेश्वर, वय २३ वर्षे, व्यवसाय शिक्षण व घरी शिवणकाम, राहणार लोहारा, ता. जि. यवतमाळ, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते. मला लिहायला-वाचायला शाळेच्या आधी वडिलांनी घरीच शिकवले. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे, ही त्यांची सवय मला लागली आहे. म्हणून या जबाबात जे ऐकलेले आहे ते ऐकलेले म्हणूनच सांगत आहे. आज सकाळी मी याच ठाण्यात मॅट चोरीची तक्रार दिली. त्या तक्रारीत मी खोटे काही सांगितले नाही, परंतु घाई केली.

मी अरुणावती हौशी कबड्डी मंडळाची सहसचिव आहे. हे काम मी गेल्या जूनपासून पाहते. मंडळात आजूबाजूच्या तालुक्यांतील गावांचे, तांड्यांचे व वस्त्यांचे संघ आहेत. कोणालाही मानधन नाही. सामन्यांच्या तारखा लावणे, पंच पाठवणे, एका गावचा संघ दुसऱ्या गावी पोहोचवणे ही कामे मंडळ करते. तारीख लावताना त्या गावचा बाजाराचा दिवस टाळावा लागतो. पाहुण्या संघाचे जेवण यजमान गाव करते. मंडळाकडे मॅट एकच आहे. तुकडे जोडून अंथरायची ती मॅट, ज्या गावची पाळी असेल त्या गावी जाते. त्या गावाने ती धुऊन, सावलीत वाळवून मगच परत पाठवायची, असा आमचा रिवाज आहे. आपल्या घामावर दुसऱ्याला खेळायला लावू नये, असे सर्व संघ मानतात.

देवीलाल आडे, वय अंदाजे साठ, राहणार घाटंजी तालुक्यातील तांडा, हे मंडळाचे सर्वांत जुने पंच आहेत. मॅटची ने-आणही तेच पाहतात. सर्व संघ त्यांना बापू म्हणतात, मीही म्हणते. मी खेळत असताना त्यांनी मला पुष्कळदा बाद ठरवले आहे. एकदाही चुकीचे ठरवलेले नाही.

उद्या लोहारा येथे मुलींच्या संघांची निवड स्पर्धा आहे. त्यासाठी मॅट पाहायला मी आज सकाळी औद्योगिक वसाहतीतील खोलीवर गेले. ही खोली एका कारखानदारांनी मंडळाला वापरायला दिलेली आहे. कुलूप जागेवर होते. उघडले तर आत मॅट नव्हती. चौकीदार उत्तमसिंग यांनी सांगितले की, पहाटे ताडपत्री टाकलेला एक छोटा हत्ती टेम्पो बाहेर गेला, चालवणारा ओळखू आला नाही. मी बापूंना फोन केला. लागला नाही. तांड्यावर रेंज नसते हे मला माहीत आहे, परंतु त्या वेळी आठवले नाही. मी सरळ ठाण्यात आले.

ठाण्यात मला विचारण्यात आले की, किल्ल्या कोणाकडे असतात. मी सांगितले, एक माझ्याकडे व एक देवीलाल आडे यांच्याकडे. संशय कोणावर, असे विचारल्यावर मी कोणावरही नाही असे सांगितले. तरी त्यांचे नाव माझ्याच तोंडून कागदावर आले. त्यानंतर हवालदार साहेब चौकशीसाठी तांड्यावर निघाले व मॅट ओळखण्यासाठी मला सोबत घेतले.

तांड्यावर मोहाच्या झाडांखाली मॅट अंथरलेली होती. मुली व बायका गुडघ्यांवर बसून ती घासत होत्या. आम्हाला पाहून बापूंच्या पत्नी सुखीबाई म्हणाल्या, "ओ साहेब, चोर पकडाचा तं पकडा, पन बूट काढून या. आताच धुतली."

हवालदार साहेब बूट काढून मॅटवर आले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते, त्यामुळे मुली हसल्या. हे लिहिणे जरुरीचे नाही असे हवालदार साहेबांचे म्हणणे आहे. मी पाहिले म्हणून सांगितले.

बापू हातातला ब्रश खाली ठेवून उभे राहिले. म्हणाले, "मॅट मीच नेली. कुलूप मीच उघडलं, मीच लावलं. बाकी काही इचारू नका."

"बापू, काहून नेली थे तं सांगा. नाही तं मले तुमाले गाडीत बसवा लागते," हवालदार साहेब म्हणाले.

"बसवा. गाडीत बसाले मी कायले भेतो?"

तेव्हा तांड्याच्या संघाची कर्णधार बबिता मध्ये पडली. ती म्हणाली, "पायलताई, तू ऐक. रविवारी इथं सामने झाले. सोमवारी आमी साऱ्या पोरी कापूस वेचाले गेलतो. सांजेले धुऊ म्हनलं, तं गाडी सकाळीच आली. बापूनं एकट्यानं मॅट भरून देल्ली. मळकीच."

"गप राह्य वं," बापू म्हणाले.

"काहून गप राहू? तवापासून यायले जेवन गोड लागून नाही राह्यलं. उद्या साऱ्या गावच्या पोरी त्या धुळीवर पाय ठेवतीन अन् तांड्याले नावं ठेवतीन म्हने. म्हनून पहाटे जाऊन घेऊन आले."

सुखीबाई म्हणाल्या, "मले म्हने, कोनाले सांगू नको. अन् सारा तांडा उठवला धुवाले!"

येथे मी सांगते की, सोमवारी सायंकाळी मी बापूंना फोन केला होता. ते तेव्हा घाटंजीला होते. मॅट धुतली का, असे मी विचारले. ते "धुतली" म्हणाले. मी खोली उघडून पाहिले नाही.

बापूंनी गळ्यातली शिट्टी काढली व माझ्या हातात देऊन माझी मूठ बंद केली. म्हणाले, "मी तुले खोटं बोललो, पायल. खोटं बोलला थो पंच राहत नाही. उद्यापासून तू पाह्य."

मी "बापू, नको" म्हणाले. त्यांच्याशिवाय उद्याची स्पर्धा होईल. पण पुढे मंडळ टिकेल असे मला वाटत नाही. हे माझे मत आहे, पाहिलेली गोष्ट नाही.

बबिता ओल्या हातांनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बापू, बाद झालेला गडी घरी जाते का?"

बापू खाली ठेवलेल्या ब्रशकडे पाहू लागले.

"सांगा ना. एवढे पंच हाव तुमी."

"नाही जात."

"मंग?"

"बाजूले बसते."

"अन् परत कवा येते?"

"आपल्या गड्यानं समोरचा मारला का."

"मंग बसा उद्या बाजूले. मी मारतो एक."

सुखीबाईंनी विचारले, "अन् पहिल्याच चढाईत तूच धरल्या गेली तं?"

"तं दुसऱ्या चढाईत, याडी," बबिता म्हणाली. तांड्यावर आईला व आईच्या वयाच्या बायकांना याडी म्हणतात.

बापूंनी मान खाली घातली. ते हसले की नाही, हे मला दिसले नाही.

बापूंचाही जबाब घ्यायचा म्हणून हवालदार साहेबांनी त्यांना सोबत घेतले. परत येताना रेंज आल्यावर मी मंडळाच्या अध्यक्ष विमलताई यांना फोन करून सर्व हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "पोरीनं बरोबर सांगतलं. बसू दे म्हाताऱ्याले बाजूले. अन् पुढच्या तीन पाळ्या मॅट त्यानंच धुवाची म्हना, एकट्यानं." गाडीत शेजारी बसलेल्या बापूंना मी हे सांगितले. त्यांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

तरी मॅट चोरीस गेलेली नसून मंडळाच्याच माणसाने मंडळाच्या रिवाजासाठी नेली होती. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गुन्हा दाखल करू नये, अशी विनंती आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. देवीलाल आडे सध्या ठाण्याच्या बाहेरील बाकावर बसलेले आहेत. मॅट ऊन लागण्याच्या आत उचलावी लागते, म्हणून त्यांना लवकर जाऊ द्यावे.

उद्याचा पहिला सामना तांडा विरुद्ध ढाणकी असा आहे. स्वतःच्या तांड्याच्या सामन्याला बापू कधीच शिट्टी घेत नाहीत, त्यामुळे ती माझ्याकडे राहील. तांड्याने पहिला गडी बाद केला की ते बाजूच्या जागेवरून उठतील आणि पुढच्या सामन्यापासून शिट्टी त्यांची. तो गडी लवकर बाद व्हावा असे मला मनापासून वाटते. परंतु तो झाला नसेल तर मी बाद देणार नाही.

हा जबाब मी सांगितला त्याप्रमाणे लिहिला असून मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी तो पूर्ण ऐकला. तो खरा व बरोबर आहे.

जबाब देणार,
पायल धर्मपाल मुनेश्वर